परड्यातली जीप: आधी थांबवा, मग पळवा

जुनी जीप घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात कुठं जातो? टायरवाल्याकडं. मीही तेच केलं होतं. महिंद्रा एमएम ५४०, तिसऱ्या हातातली, रंग उडालेली. तिला ३१ इंची टायर घातले आणि ऐटीत पन्हाळ्याला निघालो. केर्लीच्या पुढं ताशी पन्नासला स्टिअरिंग असं काही थरथरायला लागलं की शेजारी बसलेल्या मेव्हण्यानं डॅशबोर्डला मिठीच मारली. पुढच्या चाकांची किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावं-उजवं वळतं तिथली बेअरिंग, केव्हाच मेली होती. जुन्या अरुंद टायरवर ते खपून जात होतं, जड टायर आले आणि पितळ उघडं पडलं.

ते टायर सहा महिने परड्यात प्लास्टिकखाली पडून होते. त्या सहा महिन्यांत जे शिकलो त्याचा क्रम असा: आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग कमानी आणि चॅसी, मग इंजिन-गिअर, मग वायरिंग. मॉडिफिकेशन सगळ्यात शेवटी. जिप्सी असो, कमांडर असो की आणखी जुनी सीजे, क्रम हाच. बारकावे मात्र मी ५४० चेच सांगतो, कारण माझी नखं तिच्याच ग्रीसनं काळी झाली आहेत.

घरी काय करायचं, उद्यमनगरात काय न्यायचं

कोल्हापुरात राहण्याचा मोठा फायदा म्हणजे शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिन आणि ओतकामावर पोसलेल्या या गावात लेथ शोधावा लागत नाही. म्हणून माझी वाटणी साधी आहे. खोलणं, धुणं, मोजणं, परत बसवणं घरी. ड्रम टर्निंग, बुश करून घेणं, हेड फेसिंग, प्रेसवर बेअरिंग काढणं उद्यमनगरात. इंजिनात डिझेल दाबानं सोडणारा पंप आणि त्याचे नोझल मात्र ते दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडंच. त्याच्या टेस्ट बेंचची बरोबरी घरच्या पान्यानं होत नाही. लेथवाल्याकडं पार्ट नेताना धुऊन न्या आणि त्याचा जोडीदार पार्टही सोबत न्या. नुसतं "मामा, ह्या मापाचा बुश करा" म्हणालो तेव्हा मामांनी विचारलं, "ह्यात फिरणार काय ते कुठाय?" शाफ्ट घरी राहिला होता. भर दुपारची एक फेरी वाया.

हत्यारांची एक गंमत आधीच सांगतो. ५४० ची चॅसी आणि ॲक्सल विलीज या मूळ अमेरिकन जीपच्या वंशातली, म्हणून तिथले नटबोल्ट इंचातले. इंजिन प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल, म्हणून तिथले बोल्ट मिलिमीटरमधले. एकाच गाडीला दोन्ही संच लागतात. १३ चा पाना अर्धा इंची बोल्टहेडवर "जवळजवळ" बसतो आणि त्या जवळजवळमध्येच कोपरे झिजतात. गोटी पान्यांचे दोन्ही संच, टॉर्क पाना, फिलर गेज, ग्रीस गन आणि तीन टनाचे दोन जॅकस्टँड एवढं तरी हवंच.

परड्यातल्या मातीत जॅक रुततो. जॅक आणि स्टँडखाली जाड लाकडी फळी घाला, शहाबादी फरशी नको, ती तडकते. आणि हे नीट वाचा: या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागं प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळं (एका ॲक्सलची दोन चाकं वेगवेगळी फिरू देणारे गिअर) हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. उचलण्याआधी जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावायचे. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, "दोनच मिनिटं" असली तरी नाही.

आणखी एक. बऱ्याच जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर एल अक्षर दिसतंय का बघा. न बघता लांब पाइप लावून जोर काढलात तर स्टड तुटून हातात येतो.

ब्रेक

चारही ड्रम उतरवा. घाटातल्या चिखलात फिरलेल्या गाडीत ड्रमच्या आत तांबड्या मातीचा थर असतो आणि तो लायनरवर, म्हणजे ब्रेक शूच्या घासणाऱ्या अस्तरावर, पॉलिश पेपरसारखं काम करतो. ही धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा, पाण्यानं धुवा.

मग व्हील सिलिंडरचे (चाकातला, ऑइलच्या दाबानं ब्रेक शू ढकलणारा) रबरी बूट उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. खोलून भोकात बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर नवी किट घालून चालेल. खड्डे लागले तर सिलिंडर नवाच घ्या, घासून आयुष्य वाढत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, तीच आतून गंज धरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं ऑइल तर हमखास पाणचट झालेलं असतं.

ड्रमवर खाचा असतील तर टर्निंग करा, पण एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापात. एक जास्त कापला तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. कमाल माप मॅन्युअलमध्ये बघा, त्यापलीकडं कापायचं नाही.

ब्रेकची लाइन बदलताना स्टीलचीच घ्या, टोकाला डबल फ्लेअर केलेली, म्हणजे कड फुलवून दुहेरी दुमडलेली. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी लावून देणारे भेटतात. त्यांचा चहा घ्या, नळी घेऊ नका. बऱ्याच जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच सर्किट असतं. एक नळी फुटली की पेडल थेट फळीला टेकतं आणि मागं काही उरत नाही.

लाइनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकावरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि घरातल्या कुणाला तरी पेडलवर बसवा. माझ्याकडं मुलगी बसते. "दाब", "सोड" या दोनच शब्दांवर आमचा अख्खा रविवार जातो. पेडल वर येण्याआधी निपल बंद झालं पाहिजे, नाहीतर काढलेली हवा परत आत. डब्यातली पातळी खाली जाऊ देऊ नका.

शेवटची परीक्षा: पेडल जोरात दाबून मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली सरकलं आणि बाहेर कुठंच गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचा कप आतून सोडतोय.

स्टिअरिंग आणि पुढचं ॲक्सल

माझी फजिती इथली, म्हणून जरा सविस्तर.

पुढची चाकं उचला. टायर वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. खटखट वाजलं तर ते व्हील बेअरिंग आहे की किंगपिन, हे ओळखायची सोपी युक्ती आहे: कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. आवाज गेला तर व्हील बेअरिंग ढिलं. तसाच राहिला तर किंगपिन. आता टायर डावीकडून-उजवीकडून धरून हलवा. इथला खेळ टायरॉड एंडचा (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), नाहीतर स्टिअरिंग बॉक्सचा. एकानं स्टिअरिंग हलवायचं आणि दुसऱ्यानं एकेका सांध्यावर बोट ठेवून बघायचं. जिथं एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथं रोग.

व्हील बेअरिंग आवळायचं असेल तर चाक फिरवत फिरवत नट जड लागेपर्यंत घट्ट करा, मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल करा, लॉक वॉशर बसवून दुसरा नट आवळा आणि वॉशरचा कान नीट वाकवा. कान न वाकवता चाक बसवलं तर नट परत फिरतो.

किंगपिनचं काम मोठं आहे, पण घरी होतं. या ॲक्सलचा नकल, म्हणजे चाकासोबत वळणारा सांधा, बंद गोळ्याचा असतो, आत ग्रीस. हब, स्पिंडल उतरवून ॲक्सल शाफ्ट बाहेर घ्या. मागचं मोठं सील सोडा, मग वरची-खालची टोपी काढा. टोपीखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. त्या कुठून किती निघाल्या ते लिहून ठेवा, दोऱ्यात ओवून डबीत टाका. लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही. बेअरिंगच्या कपात रोलरचे ठसे उमटले असतील तर कप आणि कोन दोन्ही बदला. नवीन बसवल्यावर शिम कमी-जास्त करून नकल असा बसवायचा की ॲक्सल शाफ्ट आणि सील नसताना तो हातानं जडसर पण एकसारखा फिरला पाहिजे. सुटा फिरला तर एक शिम काढा, अडला तर घाला. मॅन्युअलमध्ये स्प्रिंग काट्यानं ओढून मोजायचं माप दिलेलं असतं. तो काटा भाजीवाल्याकडचा चालतो.

नकल उघडल्यावर ग्रीस रश्श्यासारखं पातळ दिसलं तर ॲक्सल ट्यूबमधलं आतलं सील गेलेलं आहे आणि डिफरन्शियलचं ऑइल इकडं येतंय. आत्ताच बदला. गोळ्याच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सीलही टिकणार नाही. बारीक पॉलिश पेपरनं जमेल तेवढं गुळगुळीत करा. खड्डे खोल असतील तर उद्यमनगरात भरून टर्निंग करून मिळतं, पण जुन्या बाजारात बरा गोळा मिळाला तर ते स्वस्त पडतं.

हे सगळं झालं की टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोर किंचित आत झुकलेली आहेत का ते, तपासा. घरी दोरी आणि टेपनं अंदाज येतो, पक्कं काम अलाइनमेंटवाल्याकडं.

कमानी आणि चॅसी

पाट्यांच्या कमानी सपाट झाल्या की गाडी बसते. पर्याय दोन: कमान उतरवून परत ठोकून गोलाई देणं, किंवा एक पाटा वाढवणं. माझं मत पहिल्याच्या बाजूनं. पाटा वाढवला की उंची येते, पण गाडी बैलगाडीसारखी दणकते आणि खडबडीत रस्त्यावर चाक जमीन सोडतं. जीपला वर उचलण्यापेक्षा चाक जमिनीला चिकटलेलं राहणं महत्त्वाचं.

यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घाला. ताणलेले बोल्ट परत पहिल्यासारखे धरत नाहीत. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच अखेरचे आवळायचे. हवेत लटकताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि महिन्यात फाटतं.

आता चॅसी. गाडी २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुरात उभी होती का, हे मालक सांगेलच असं नाही. हेडलाइटच्या वाटीत, डॅशबोर्डच्या मागं, चॅसीच्या बंद भागात बोट घालून बघा. बारीक, मऊ, राखाडी गाळ हाताला लागला तर उत्तर मिळालं. तशी गाडी घेऊ नये असं नाही, पण मग वायरिंग, सगळी बेअरिंगं आणि प्रत्येक ऑइल बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

शॅकलचे (कमानीचं टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) हँगर, मागचा क्रॉस मेंबर आणि स्टिअरिंग बॉक्स जिथं बसतो ती जागा वायर ब्रशनं लख्ख करा आणि छोट्या हातोडीनं ठोकत जा. टणटण वाजलं तर पत्रा शाबूत, थबथब वाजलं तर आतून खाल्लेला. चीर दिसली तर आधी तिच्या टोकाला छोटं भोक पाडा म्हणजे ती पुढं सरकत नाही, मग वेल्डिंग. वरून पट्टी लावायची तर तिची टोकं तिरपी कापा. सरळ उभी टोकं वेल्ड केली की पुढची चीर बरोबर त्याच रेषेत येते. चॅसीच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोकं पाडू देऊ नका, पाडायचीच तर उभ्या भागात. वेल्डर येण्याआधी डिझेलची टाकी खाली उतरवा, बॅटरीचे आणि अल्टरनेटरचे दोन्ही कनेक्शन सोडा.

इंजिन आणि गिअर

एक्सडीपी दणकट आहे. बहुतेक वेळा इंजिन "गेलं" म्हणतात तेव्हा गेलेलं असतं ते दुसरंच काहीतरी: फिल्टर चोंदलेला, लाइनमध्ये हवा, गार इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे ग्लो प्लग मेलेले, नोझल शिंतोडे उडवणारे. म्हणून इंजिनाचे सिलिंडर कापायची, बोअरिंगची भाषा सुरू होण्याआधी हे चार बघा. डिझेल लाइनची हवा काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलच्या पायपांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा. फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळा. चालू इंजिनवर नोझलच्या फवाऱ्यापुढं बोट कधीच धरू नका. तो दाब कातडीतून आत शिरतो आणि मग थेट ऑपरेशन थिएटर.

आपल्याकडं थर्मोस्टॅट काढून फेकायची रीत आहे. "गाडी गार राहते" म्हणतात. राहते, पण डिझेल इंजिन गार चाललं की धूर आणि तेल दोन्ही वाढतात. गाडी तापत असेल तर रेडिएटरची जाळी साफ करून घ्या, वॉटर पंप आणि पट्टा बघा, थर्मोस्टॅट नवा बसवा.

ऑइल: दोन्ही ॲक्सलमध्ये नव्वदचं ईपी गिअर ऑइल. गिअरबॉक्समध्ये गिअर अलगद पडावा म्हणून पितळी सिंक्रो रिंग असतात, म्हणून तिथं जीएल-४ दर्जाचं घ्या. जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात. ट्रान्सफर केस गळते. सगळ्यांचीच गळते. मधला शाफ्ट आणि त्याच्या सुई बेअरिंगा झिजल्या की गळती आणि गुरगुर दोन्ही वाढतात, तेव्हा उघडा. नुसत्या थेंबांसाठी उघडू नका. फोर-व्हील टाकून डांबरावर तपासणी करू नका. पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फरक सोसणारं काही नसतं, सगळा पीळ गिअरांवर येतो. ओल्या शेतात किंवा खडीवर तपासा.

क्लच, सायलेन्सर, वायपर यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

वायरिंग

प्रत्येक मालकानं एकेक वायर वाढवलेली असते, जुनी मात्र कुणी काढत नाही. निम्मे दोष अर्थिंगचे निघतात. इंजिन ते चॅसी आणि बॅटरी ते चॅसी अशा दोन जाड पट्ट्या, खालचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर. हेडलाइट मंद वाटले म्हणून जादा वॉटचे बल्ब घालू नका. साधे ६०/५५ वॉटचे बल्ब ठेवा, पण रिले आणि फ्यूज घालून बॅटरीवरून थेट जाड वायर द्या. दोन हाय बीम मिळून १० अँपिअर ओढतात. तीस वर्षं जुन्या स्विचमधून ते नेलं की निम्मा उजेड वाटेतच सांडतो.

आता मॉडिफिकेशन

आधी कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची मंजुरी कामाच्या आधी घ्या. पुढचे बुल बार डिसेंबर २०१७ पासून केंद्रानं बेकायदा ठरवले आहेत. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणासाठी नमुना २५ भरून गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, तेव्हा हे सगळं निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर येतं. नवी सुरक्षा नंबर प्लेटही तोपर्यंत लावून घ्या.

मग करावं तरी काय? माझ्या मते सगळ्यात फायद्याचा बदल कुणाला दिसतही नाही: ॲक्सलच्या ब्रीदरला (आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेणं. तापलेलं ॲक्सल ओढ्यात शिरलं की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. दोन मीटर नळी, दोन क्लिपा, काम अर्ध्या तासाचं.

दुसरा, पुढं-मागं चॅसीला पक्के बसवलेले टो हुक. बंपरच्या पत्र्याला वेल्ड केलेला हुक ओढताना सुटला तर तोफगोळा होतो. तिसरा, सीट बेल्ट. जुन्या जीपला नसतात, आणि नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही. मागं जाड पट्टी देऊन बसवा.

शॅकल लांब करून उंची वाढवायचा मोह आवरा. शॅकल ५० मिमी लांब केला तर गाडी उचलते फक्त २५ मिमी. पुढच्या कमानींचा शॅकल या जीपला पुढच्या टोकाला असतो, त्यामुळं तो लांब केला की कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागं झुकलेला कोन, कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही भरकटायला लागते.

राहिले टायर. मूळचा ६.००-१६ चा अरुंद टायर चिखलात खाली रुतून टणक जमीन शोधतो, त्याला कमी लेखू नका. रेडियल हवेच असतील तर १५ इंची रिमवर २३५/७५ बसतात. त्यांचा व्यास सुमारे ७३३ मिमी, म्हणजे मूळच्या जवळपास तेवढाच. गिअरिंग आणि स्पीडोमीटर बिघडत नाही. ३१ इंचीचा व्यास ७८७. हिशोब करा: जमिनीपासून उंची वाढते जेमतेम २७ मिमी, आणि बदल्यात गिअर सात टक्क्यांनी लांब होतात, ब्रेकला जास्त जोर लागतो. ६० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या इंजिनाला गगनबावड्याच्या चढावर ते सात टक्के जाणवतात. माझे ३१ इंची शेवटी एका मित्राला दिले, अर्ध्या किमतीत.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, गल्लीबोळातून, हळू. थांबून चारही ड्रमजवळ हात न्या. एकच चटका देत असेल तर तिथले शू घासतायत. परत येऊन चाकांचे नट टॉर्क पान्यानं तपासा. मग वाघबीळवरून पन्हाळ्यापर्यंत, उतरताना खालच्या गिअरमध्ये. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना परत आवळा, ते हमखास थोडे सैल झालेले असतात.

त्यानंतर खुशाल पावसात गगनबावड्याकडं काढा. ओढ्यात शिरण्याआधी पाच मिनिटं थांबून ॲक्सल गार होऊ द्या. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, दोन्ही डिफरन्शियलचा खालचा ड्रेन प्लग जरासा सैल करा आणि पहिला चमचाभर माल बशीत घ्या. पाणी जड असतं, रात्रभरात तळाशी बसतं, म्हणून तेच आधी बाहेर येतं. बशीत पाणी किंवा चहासारखं दुधाळ ऑइल आलं तर सगळं बदला. मधासारखं स्वच्छ आलं तर प्लग आवळून अंघोळीला जा.